विमान-मिस्त्र्याची पेटी



पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी खंडाळ्याचा घाट उतरूं लागली म्हणजे वाटेंत मध्येंच एके ठिकाणीं उभी राहते. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, आणि पाटीवर ठाकुरवाडी हें नांव. तिकीट काढून येथें उतरणारा प्रवासी विरळाच. कर्जतच्या वड्याकडे डोळे लावून बसलेलीं माणसें या थांब्यावर कुरकुरतात, घड्याळ पाहातात, आणि गाडी हलली कीं ठाकुरवाडी विसरून जातात.

तो थांबा प्रवाशांसाठीं नसतोच. १८६३ सालीं हा बोरघाटाचा रस्ता आगगाडीला खुला झाला, तेव्हांपासून त्याचा उतार हा त्याच्या चालकांच्या काळजीचा विषय आहे. सदतीस फूट पुढें जावें तों एक फूट खालीं, असा हा उतार आहे. पायीं चालणाऱ्याला तो जाणवणारहि नाहीं. पण शेंकडों टन वजनाच्या गाडीला तो पाठीमागून सारखा ढकलीत असतो. अशा उतारावर ब्रेक धरतो आहे असें नुसतें मानून चालत नाहीं, त्याचा पुरावा घ्यावा लागतो. म्हणून ठरावीक ठिकाणीं गाडी उभी करून दाखवावयाची असा दंडक आहे, आणि ठाकुरवाडी हें त्यांपैकीं एक ठिकाण. घाटांत मुख्य रुळांपासून फुटून चढाकडे गेलेले आडरूळहि ठेवलेले असतात. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळावी आणि चढावर आपोआप मंदावावी, हा त्यांचा हेतु.

आतां त्याच डोंगरांवरून एखादें विमान मुंबईकडे उतरत असेल तर त्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वाटेवर ठाकुरवाडी नाहीं. तेथें थांबून, खालीं उतरून, चाकाला हात लावून पाहाण्याची सोय नाहीं, आणि आडरूळहि नाहीं. जी कांहीं ठाकुरवाडी असावयाची ती विमान जमिनीवर उभें असतांनाच. आणि ती सांभाळणारा जो माणूस, त्याच्याविषयीं व त्याच्या हत्यारांच्या पेटीविषयीं आज आपल्याशीं बोलण्याचें मीं योजिलें आहे.

त्याला मी मिस्त्री म्हणणार आहें. सरकारी परवान्यावर त्याचें नांव याहून लांबलचक असतें, आणि प्रत्यक्ष काम करणारा व त्यावर सही करणारा हीं पुष्कळदां दोन निराळीं माणसें असतात. तरीहि मिस्त्री हा शब्द मला आवडतो. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि त्यांच्या भाषेंत त्याचा मूळ अर्थ उस्ताद असा आहे. आपण मात्र तो शब्द जिन्यावरून हाक मारण्यापुरता ठेवला.

या विद्येचें मूळ आगगाडीच्या कारखान्यांत आणि त्याहिपूर्वीं आपल्या स्वयंपाकघरांत सांपडेल. मोठ्या स्टेशनांत गाडी उभी राहिली कीं लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस चाकांवर ठोके देत फिरे, हें वडील मंडळींना आठवत असेल. अखंड चाक घंटेसारखें वाजतें, तडा गेलेलें चाक बद्द बोलतें. कुंभाराकडून मडकें घेतांना आपल्या आज्या बोटाच्या पेरानें ते वाजवून पाहात, त्याहून हें कांहीं वेगळें नाहीं. चाकाचा आंस मात्र असा बोलून दाखवीत नाहीं. म्हणून रेल्वेच्या कारखान्यांत तो तेलांत भिजवीत, पुसून कोरडा करीत, आणि वर खडूचा पांढरा लेप देत. केसाएवढा तडा असला तरी त्यांत शिरून बसलेलें तेल हळूहळू पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ ओढी. आज विमानाच्या कारखान्यांत तेलाच्या जागीं तांबडा रंग किंवा काळोखांत निळसर दिव्याखालीं चमकणारा द्रव वापरतात. पण युक्ति तीच आहे, खडू-तेलाची.

आतां पेटी उघडूं. शिस्तीच्या कारखान्यांतील पेटीचा खण उघडला म्हणजे पहिल्यानें डोळ्यांत भरतात ते खळगे. प्रत्येक पान्यासाठीं, प्रत्येक पकडीसाठीं, अगदीं बोटभर लांबीच्या पेंचकसासाठींहि त्याच्याच आकाराचा खळगा कोरलेला असतो, आणि त्याचा तळ भडक रंगाचा असतो. हत्यार जागेवर नसलें कीं तो रंग उघडा पडतो. कित्येक ठिकाणीं हत्यार नेणारानें आपल्या नांवाचा बिल्ला त्या जागीं अडकवावयाचा असतो. कर्जत-खालापुराकडच्या वाड्यांतून रानांत निघालेला ठाकूर आपण पाहिला असेल. त्याचा कोयता कमरेच्या मागें लाकडी खोबणींत अडकविलेला असतो. न पाहातां हात तेथेंच जातो, आणि कोयता नसला तर कंबरच त्याला सांगते. पेटीच्या खळग्यांचें शास्त्र याहून फारसें पुढें गेलेलें नाहीं, आणि त्याला पुढें जाण्याची गरजहि नाहीं.

इतकी काटेकोर मोजदाद कशासाठीं? मोटारीच्या दुरुस्तींत एखादा पाना आंत राहिला तर खडखड ऐकूं येते, आणि फार झालें तर मोटार रस्त्यांत उभी राहते. विमानांत तोच पाना सुकाणूच्या दांड्यांमध्यें अडकूं शकतो, किंवा इंजिनाच्या तोंडाशीं राहिला तर आंत ओढला जातो. लहान वस्तूनें केवढा अनर्थ होतो याचें दुःखद उदाहरण २५ जुलै २००० रोजीं पॅरिस येथें घडलें. आधीं उडालेल्या दुसऱ्याच एका विमानावरून सुमारें हातभर लांबीची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. ती पट्टी त्या विमानाला दुरुस्तींत बसविली होती, पण जशी बसवावयास हवी तशी बसविलेली नव्हती. मागून धावत आलेल्या कॉंकॉर्ड विमानाचें चाक तिच्यावरून गेलें, टायर फुटलें, त्याचा तुकडा पंखांतील इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. विमानांतील सर्व १०९ व जमिनीवरील ४ माणसें मेलीं.

म्हणून कामाच्या शेवटीं हत्यारें मोजावयाचीं, आणि एक जरी कमी भरलें तरी विमान सोडावयाचें नाहीं, असा नियम आहे. हा नियम लिहून ठेवणें सोपें, पाळणें अवघड. पहांटेची वेळ आहे, प्रवासी दाराशीं उभे आहेत, आणि एका तरुण मिस्त्र्याच्या ध्यानांत येतें कीं आपला एक लहानसा सॉकेट सांपडत नाहीं. तो बोलला तर विमानाची उघडझांप पुन्हां सुरू होणार, तासन्‌तास जाणार, वरिष्ठ रागें भरणार. तो गप्प बसला तर बहुधा कांहीं होणार नाहीं. या ‘बहुधा’मध्यें विमानाच्या धंद्याची सगळी नीति सांठविलेली आहे. ज्या कारखान्यांत अशा वेळीं खरें बोलणाराला शिक्षा होते, तेथील लोक लवकरच गप्प बसावयास शिकतात. तेव्हां शहाणे चालक अशा कबुलीला दोष मानीत नाहींत. माझ्या मतें कोणत्याहि विमान-कंपनीची परीक्षा तिच्या रंगीत जाहिरातीवरून न करतां, हरवलेल्या सॉकेटची गोष्ट तेथें कशी ऐकून घेतात यावरून करावी.

पेटींतील सर्वांत मानाचें हत्यार म्हणजे टॉर्क रेंच, म्हणजे आंवळ मोजणारा पाना. बोल्ट आंवळणें यांत मोजावयाचें तें काय, असें आपणांस वाटेल. पण आंवळलेला बोल्ट हा खरोखर ताणलेली स्प्रिंग असतो. तो किंचित् लांबतो, आणि पुन्हां आंखडूं पाहातो. त्या आंखडण्याच्या जोरावर दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहातात. ताण कमी पडला तर थरथरीनें नट सैल होतो. ताण अधिक झाला तर बोल्ट आंतून दमतो आणि पुढें केव्हां तरी, कोणताहि आवाज न करतां, तुटतो. लोणच्याच्या बरणीचें झांकण कोणी किती आंवळावें हें ज्याच्या त्याच्या मनगटावर असतें. विमानाचा बोल्ट कोणाच्याहि मनगटावर सोपवीत नाहींत. ग्रंथांत सांगितलेला आंकडा पान्यावर लावावयाचा, आणि त्या आंकड्याशीं पाना ‘टक’ असा बोलला कीं हात थांबवावयाचा. हा पानाहि ठरावीक मुदतीनें तपासणीस जातो. तराजूच्या वजनांवर शिक्का मारून घेतात ना, तसाच.

तरीहि एवढ्यावर भागत नाहीं. महत्त्वाच्या बोल्टांच्या माथ्यांना बारीक भोकें पाडलेलीं असतात. त्यांतून पोलादी तार ओंवतात, तिचे दोन पदर पिळतात, आणि शेजारच्या बोल्टाला नेऊन बांधतात. ही गांठ बांधण्यांत खरी कला आहे. तारेचा ओढा असा पाहिजे कीं एक बोल्ट सैल होऊं लागला तर त्यानें दुसऱ्याला आंवळावें. उलट बाजूनें बांधलेली तार दिसावयास सारखीच सुबक दिसते, पण ती बांधली काय नि न बांधली काय, सारखेंच. चांगल्या मिस्त्र्याची पीळ-तार आरशासारखी असते. कोणीं बांधली हें त्याचा सोबती नुसत्या नजरेनें ओळखतो.

रिव्हेटांची गंमत तर गृहिणींना विशेष पटेल. विमानाचें अंग ज्या मिश्रधातूचें असतें, त्याचा गुण आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानांत १९०६ सालीं आला. अॅल्युमिनियममध्यें थोडें तांबें वगैरे मिसळून तें तापवावें, आणि एकदम गार करावें; त्या वेळीं तें मऊ असतें, पण नुसतें पडून राहिलें तरी तासातासानें कठीण होत जातें. नारळाची वडी ताटांत थापल्याबरोबर कापावी लागते, उशीर झाला तर सुरी चालत नाहीं, तसाच हा प्रकार. मग मऊपणीं ठोकावयाचे रिव्हेट ठेवावयाचे कसे? तर बर्फाच्या पेटींत. थंडींत त्यांचें कठीण होणें लांबणीवर पडतें. एका बाजूनें रिव्हेटाचा हातोडा, दुसऱ्या बाजूनें पोलादाचा ठोकळा धरलेला सोबती, आणि दोघांची लय एक, असें तें काम चालतें. ठोकळा धरणाराचा हात जरा तिरपा झाला तरी रिव्हेट वांकडा बसतो आणि काढून टाकावा लागतो.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगतों, कारण ती मला फार आवडते. विमानाच्या पत्र्यावर खूण करावयास साधी शिसपेन्सिल चालत नाहीं. पेन्सिलींतील ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम यांची ओलाव्यांत विद्युत्-क्रिया होते आणि त्या रेघेवरच पत्रा खाल्ला जातो. सुताराच्या कानावर जी पेन्सिल शोभते ती येथें शत्रु ठरते. मुंबईसारख्या खाऱ्या हवेच्या गांवीं तर असल्या शत्रूंना आयतेंच साहाय्य मिळतें.

या धंद्याचा आद्य पुरुष चार्ली टेलर. राइट बंधूंचीं नांवें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतात, पण त्यांच्या विमानाचें इंजिन ज्यानें घडविलें त्याचें नांव पुष्कळ शिकलेल्यांनाहि सांगतां येत नाहीं. १९०१ सालीं डेटन येथील त्यांच्या सायकलच्या दुकानांत तो नोकरीस लागला. १९०३ सालीं त्यांना हलकें इंजिन हवें होतें आणि कोणताहि कारखाना तें करून देईना. तेव्हां टेलरनें तें सहा आठवड्यांत दुकानांतच तयार केलें. हत्यारें म्हणाल तर एक लेथ, एक भोकें पाडण्याचें यंत्र, आणि बाकी हातचीं. व्यवस्थित नकाशा नव्हता; कागदाच्या चिटोऱ्यांवर आकृत्या काढून त्या बांकाच्या वर टांचून ठेवीत. इंजिनाचा वांकडातिकडा मुख्य दांडा त्यानें पोलादाच्या सबंध ठोकळ्यांतून काढला. आकृतीच्या कडेनें ओळीनें भोकें पाडलीं, छिन्नी-हातोडीनें नको तो भाग उडविला, आणि उरलेला लेथवर घांसून मापास आणला. चार सिलिंडरांचें, सुमारें बारा अश्वशक्तीचें तें इंजिन त्याच वर्षाच्या १७ डिसेंबरला जगांतील पहिलें विमान घेऊन उडालें.

टेलर स्वतः वैमानिक झाला नाहीं. १९११ सालीं कॅल रॉजर्स यानें राइटांच्या विमानानें अमेरिका खंड ओलांडावयाचें ठरविलें तेव्हां टेलर त्याचा मिस्त्री म्हणून निघाला. आकाशांत विमान, आणि खालीं रुळांवरून त्याच्या मागोमाग एक खास आगगाडी. तिच्या एका डब्यांत सुटे भाग नि हत्यारें. विमान वारंवार कोसळे, मोडे, आणि पुन्हां उभें राही. सतरा सप्टेंबरला पूर्व किनाऱ्याजवळून निघालेला रॉजर्स पांच नोव्हेंबरला कॅलिफोर्नियांतील पासाडीना येथें पोंचला, तोंवर विमानाचे मूळचे भाग अगदीं थोडे उरले होते.

पुढें मंदीच्या काळांत टेलरची पुंजी गेली. लॉस एंजेलिसच्या एका विमान-कारखान्यांत हा माणूस साधा यंत्रकामगार म्हणून राबत होता. १९३७ च्या सुमारास राइटांचें जुनें दुकान जतन करण्याच्या खटपटींत असलेल्या हेन्री फोर्डनें त्याला हुडकून काढलें, आणि सत्तरीला टेकलेल्या टेलरनें पुन्हां तीं हत्यारें हातांत धरून आपल्या पहिल्या इंजिनाची प्रतिकृति केली. १९५६ सालीं तो वारला. त्याचा जन्मदिवस, २४ मे, हा आतां विमान-मिस्त्र्यांचा दिवस म्हणून पाळतात.

आपल्याकडचा आरंभहि असाच थोडक्या माणसांनीं केला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादवरून जुहूस उतरले. त्या पुस मॉथ विमानाचे पंख लांकडाचे, अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, आणि दोहोंवर ताणून बसविलेलें कापड. त्यावर घट्टपणा आणणारें रोगण. त्या काळच्या मिस्त्र्याच्या पेटींत सुईदोराहि लागे, हें आज कोणाला खरें वाटणार नाहीं! जुहूस विमान ठेवावयास झांवळ्यांनीं शाकारलेली खोपटी होती. पावसाळा आला कीं तें खाजण पाण्याखालीं जाई. मग सगळा संसार पुण्यास हलवावयाचा, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमानें उडवावयाचीं. टाटांनीं पुढें या दिवसांची आठवण सांगतांना त्या संसाराची मोजदाद केली आहे: तीन वैमानिक, तीन मिस्त्री आणि दोन विमानें. निम्मीं माणसें मिस्त्री होतीं, याकडे मी आपलें लक्ष वेधतों. मुंबई आणि पुणें यांच्यामध्यें सह्याद्रि आडवा आहे, आणि जून-जुलईंत त्याचे माथे ढगांत बुडालेले असतात. एकाच इंजिनावर तो ओलांडणाऱ्या वैमानिकाचा भरंवसा कोणावर असेल, हें सांगावयास नको.

मिस्त्र्यांच्या पराक्रमाची आपल्या देशांतील सर्वांत मोठी कथा कानपूरची आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर लिबरेटर जातीचीं चार इंजिनांचीं बॉंबफेकी विमानें तेथें टाकून दिलेलीं होतीं. पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेलीं. १९४८ सालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें तीं उपयोगांत आणण्याचें काम अंगावर घेतलें. हा कारखाना १९४० सालीं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं काढलेला. लोकांनीं उघड्यावर पडलेल्या त्या सांगाड्यांतून चांगले भाग निवडले, एकाचें दुसऱ्याला बसविलें, बंगलोरपर्यंत उडण्यापुरतें डागडुजीचें काम केलें, आणि जमशेद मुनशी या वैमानिकानें तीं एकामागून एक तिकडे नेलीं. अशीं चाळीसवर विमानें सेवेंत आलीं, आणि शेवटचीं १९६८ पर्यंत टिकलीं. आज आपल्या नाशिकजवळ ओझर येथें १९६४ पासून लढाऊ विमानें बनविण्याचा कारखाना आहे. तेथील हातांना ही बंगलोरची परंपरा लाभली आहे.

हौसेची एक अलीकडची कथा मुंबईची आहे. अमोल यादव हे पेशानें वैमानिक. पण कांदिवलीस चारकोप भागांत घराच्या गच्चीवर त्यांनीं सहा आसनांचें विमान स्वतः बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं सरकारदरबारीं त्याची नोंद झाली. विमान बांधण्याइतकाच त्याच्या कागदपत्रांचाहि चिवटपणा लागतो, हें या उदाहरणावरून ध्यानांत येतें. आणि कागदपत्रांना मी मुळींच नांवें ठेवीत नाहीं.

कारण पेटींतील शेवटचें हत्यार म्हणजे लेखणी. प्रत्येक कामाखालीं सही लागते: कोणतें काम, कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या कलमाप्रमाणें, कोणीं केलें. ही सही चुकीच्या कामाखालीं पडली तर काय होतें याचीं दोन उदाहरणें देतों.

१० जून १९९० रोजीं ब्रिटिश एअरवेजचें एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालें. सतरा हजार फुटांवर वैमानिकासमोरची कांच उडाली, आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेंचला गेला. सोबत्यांनीं त्याचे पाय धरून ठेवले, साहाय्यक वैमानिकानें विमान साउदॅम्प्टनला उतरविलें, आणि आश्चर्य असें कीं कप्तानासकट सर्व वांचले. चौकशींत दिसून आलें कीं त्या उड्डाणाच्या थोडेंच आधीं ती कांच नवी बसविली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट योग्य जाडीहून इंचाचे सव्वीस सहस्रांश बारीक होते. अनुभवी माणसानें, घाईच्या रात्रीं, अपुऱ्या उजेडांत, जुना बोल्ट नव्याशेजारीं धरून नजरेनें जुळविला होता. यादींतला क्रमांक पाहिला नव्हता. मनानें तो कांहीं वाईट माणूस नव्हता. आपल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास होता, एवढेंच.

दुसरें उदाहरण याहून दारुण. १९७८ सालीं जपानांत एका प्रचंड बोइंग विमानाचें शेपूट उतरतांना धावपट्टीला घांसलें. आंतील दाबलेली हवा कोंडून धरणारी मागची भिंत दुरुस्त करावी लागली. तेथें एक अखंड जोडपट्टी घालून ताण रिव्हेटांच्या दोन ओळींवर वांटावयाचा होता. पट्टी दोन तुकड्यांची बसली, आणि ताण एकाच ओळीवर आला. विमान सात वर्षें उडत राहिलें. हजारों वेळां तें वर गेलें नि खालीं आलें, आणि प्रत्येक वेळीं ती ओळ थोडी थोडी थकत गेली. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं ती फाटली. ५२४ माणसांपैकीं चौघेंच वांचलीं. ज्या दिवशीं चूक झाली त्या दिवशीं कोणालाच कांहीं झालें नाहीं, हें या धंद्यांतील सर्वांत भयंकर सत्य आहे. वैमानिकाची चूक त्याला स्वतःला तेव्हांच भोंवते. मिस्त्र्याची चूक परक्यांना, आणि कित्येक वर्षांनीं.

असें असूनहि आपल्या सुशिक्षित घरांत मुलगा वैमानिक होणार म्हटलें तर पेढे वांटतात, आणि मिस्त्री होणार म्हटलें तर मावशी-काकू हळूच विचारतात, ‘म्हणजे हातानें काम करावयाचें?’ होय, हातानें, आणि बहुतकरून रात्रीं. कारण दिवसा विमान कमाईवर असतें. मुलींनाहि हा मार्ग मोकळा आहे. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित घेऊन बारावी झालेल्यांना सरकारमान्य शाळेंत प्रवेश मिळतो. एकेका विषयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि प्रत्यक्ष विमानांवर ठरावीक अनुभव मिळाल्यावांचून परवाना हातीं येत नाहीं. सहीचा अधिकार त्याच्याहिनंतर.

नव्या उमेदवाराला आरंभीं विमानाजवळ फारसें फिरकूं देत नाहींत. त्याला बोल्ट बसविलेली एक फळी देतात, आणि तारेचें वेटोळें देतात. जोडी-जोडीनें तार ओंवावयाची, ओढा कोणत्या बाजूला पडतो तें पाहावयाचें, पीळ द्यावयाचा, टोंक वळवून दाबावयाचें. शिक्षक येतो, बोटानें चांचपतो, आणि कांहीं न बोलतां कातरीनें ती कापून टाकतो. मग पुन्हां पहिल्या बोल्टापासून.